रविवारची बारी

इंटरनेटचा डबा आमच्या घरात आला तेव्हा तो ठेवायचा कुठं यावरून अर्धा दिवस गेला. बाबांना तो टीव्हीशेजारी हवा होता, कारण आल्यागेल्याला दिसला पाहिजे. आईला देवळीत चालला असता, पण मग देव हलवावे लागले असते. तार जोडायला आलेला माणूस हातात पेचकस घेऊन उभा, उन्हाळ्याचे दिवस, त्याच्या नाकावरून घाम ओघळतोय आणि आमचं काही ठरेना. शेवटी मोठीमाय अंगणातल्या चुलीवरून उठून आत आली. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा मी पाळण्यात असतानाच गेले आणि तेव्हापासून घरात शेवटचा शब्द तिचा. तिनं डब्याकडं पाहिलं, छताकडं पाहिलं आणि धानाच्या ढोलीवरच्या फळीकडं बोट दाखवलं. "तठी वर ठेव त्याले," ती म्हणाली. "पानी उंचावरून सोडलं तं सगळीकडं जाते. खाली ठेवलं तं कोनाले पोचन ते?" तो माणूस हसला, हे पाणी नव्हे असं सांगू लागला, पण तिच्या तोंडाकडं पाहून त्यानं निमूट शिडी मागितली. आणि खरोखरच ओसरीत, गोठ्यात, अगदी मागच्या सांदवाडीतल्या पेरूच्या झाडाखालीही इंटरनेट चांगलं येऊ लागलं. पुढं शिकल्यावर मला कळलं की असा डबा उंचावरच ठेवायचा असतो, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. ते कारण मी मोठीमायला कधी सांगितलं नाही. मला तिचंच कारण जास्त आवडतं.

पाण्याच्या भाषेत विचार करणं हा आमच्या घराण्याचा स्वभावच आहे. आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूचं, आणि आमचे पूर्वज तळी बांधणारे. गावाच्या वरच्या अंगाला जे मोठं तळं आहे, त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, आमच्याच कोण्या आजा-पणजानं घातली असं घरात सांगितलं जायचं. खरंखोटं त्यालाच ठाऊक. पण त्या तळ्याचं पाणी वाटायचा एक नेम होता आणि तो गावात अजून पाळला जातो. प्रत्येकाची पाणी घ्यायची ठरलेली वेळ, तिला आम्ही बारी म्हणतो. बारी ठरवताना पहिला मान सगळ्यात शेवटच्या बांधीवाल्याचा, म्हणजे ज्याचं धानाचं शेत टोकाला आहे त्याचा. ज्याचं शेत तळ्याच्या तोंडाशी आहे त्यानं सगळ्यात शेवटी आपली वेळ निवडायची. तोंडाजवळच्यानं आधी घेतलं तर टोकाच्या माणसाला चिखलच मिळणार, हे उघड आहे. दुसऱ्याची बारी घेता येत नाही, ती फक्त मागता येते. मोठेबाबांच्या जागी पाणीवाटपाच्या बैठकीला मोठीमाय बसायला लागली, तेव्हा काही म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली म्हणे. दोन हंगामांनंतर तेच म्हातारे भांडण घेऊन तिच्याकडं यायला लागले.

घराच्या पुढच्या खोलीत बाबांची पिठाची चक्की होती. सकाळपासून तिचा पट्टा फटफटायला लागला की भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा थरथरायचं. घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिठाचा एक पातळ थर असायचा. आरशावर, रेडिओवर, माझ्या वेणीवर. माझा संगणक, जो बाबांनी गोंदियाच्या एका दुकानातून जुना घेतला होता, त्यावर आईच्या फाटक्या लुगड्याचा गलेफ असायचा आणि तो काढण्याआधी मी अंगणात जाऊन झटकून यायची. या संगणकावर मी नकाशे काढायला शिकत होते. नागपूरच्या एका संस्थेचा वर्षभराचा वर्ग होता, रविवार सोडून रोज संध्याकाळी, घरबसल्या. फी माफ होती, पण अट कडक होती. वर्ग बुडवायचे नाहीत, आणि शेवटची परीक्षा शिक्षकांच्या समोर, पडद्यावर एका बैठकीत द्यायची. मध्येच तार तुटली तर जागा गेली. पुढं त्याच संस्थेत काम मिळण्याची आशा होती. माझ्या वर्गातल्या दोघी मैत्रिणींची तोवर लग्नं ठरली होती आणि माझ्यासाठीही एक पाहुणा येऊन भज्यांची बशी रिकामी करून गेला होता. त्या वर्गाशिवाय माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. आमच्याकडं मोबाइलचं नेटवर्क फक्त तळ्याच्या पाळीवर चढल्यावर मिळायचं, त्यामुळं फळीवरचा तो डबा म्हणजेच माझं कॉलेज होतं.

दिवाळीच्या सुमाराला बिल एकदम फुगलं. पहिले सहा महिने सवलतीचे होते, हे आम्ही कोणी नीट ऐकलंच नव्हतं. बाबांनी बिल दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. माझे वडील कंजूष नव्हते, हे मला इथं सांगून ठेवलं पाहिजे. पण त्याच महिन्यात चक्कीची मोटर जळली होती, ती बांधून आणायची होती, आणि मोटर बंद म्हणजे घर बंद. रात्रीच्या जेवणाला आईनं कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या केल्या होत्या, माझ्या फार आवडीच्या. बाबा ताटाकडं बघत म्हणाले, "जोती, या महिन्यापुरतं चालू दे. मंग तोडून टाकतो. पुढच्या साली पाहू." वडी तोंडात होती, ती तिथंच राहिली. पुढचं साल म्हणजे काय हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. आई पदर तोंडाशी धरून उठली आणि उगाच पाण्याचा तांब्या भरायला गेली.

मोठीमायनं जेवण संपवलं, ताटात हात धुतले आणि मला विचारलं, "तू कायले रडून राहिली वं?"

"रडून नाई राहिली," मी म्हणाले.

"मंग हे काय, पिठाचं पानी होय का?" तिनं माझा गाल अंगठ्यानं पुसला आणि बाबांकडं वळली. "तोडाची घाई काऊन करतं, बापू? पाट जड झाला तं कोनी पाट बुजवत नाई. कोठी पाझरून राहिलं ते पाहा लागते आधी. उद्या मी जातो तालुक्याले."

आमच्याकडच्या बाया बोलताना असं पुरुषासारखं 'जातो' म्हणतात. पुण्याच्या मैत्रिणी याला हसतात, पण मोठीमायच्या तोंडी ते फार शोभायचं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन एसटीनं अर्जुनीला गेली. पिशवीत उकडलेले शिंगाडे. आमच्या तळ्यातले शिंगाडे त्या दिवसांत नुकते निघाले होते. केबलवाल्याचं दुकान बसस्टँडच्या मागं. आत तारांची वेटोळी, गणपतीचा फोटो, आणि गल्ल्यावर मालक. त्याला सगळे भैयाजी म्हणायचे. मोठीमायनं स्टूल ओढलं, बसली, शिंगाडे काढून काउंटरवर ठेवले आणि बिल त्याच्यापुढं सरकवलं. "हे मले समजावून सांग," ती म्हणाली. "एकएक ओळ."

"माताजी, ये तो फिक्स रेट है," भैयाजी म्हणाला.

"रेट नाई इचारला मी. ही ओळ कायची होय?"

ती ओळ निघाली टीव्हीच्या चॅनलची. शंभरावर चॅनल, त्यांतले निम्मे कोणत्या भाषेतले तेही आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या घरात टीव्हीवर बातम्या आणि कीर्तन सोडून काही लागत नव्हतं. तिनं ती काढायला लावली. पुढची ओळ डब्याच्या भाड्याची. "डबा इकत घेतला तं?" तिनं विचारलं. विकत घेतला तर काही महिन्यांत भाड्याइतकाच पडत होता. त्यापुढची ओळ वेगाची. मोठमोठे खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी असतो तसला वेग त्यानं आम्हाला लावून दिला होता. "आमच्या घरी कोन खेळून राहिलं बाप्पा?" मोठीमाय म्हणाली. "ही पोरगी नकाशे काढते, मी गाई बांधतो." भैयाजीला हसू आलं. मध्येच गिऱ्हाईक यायचं, भैयाजी तिकडं वळायचा, आणि मोठीमाय शांतपणे शिंगाडा सोलत बसायची. तिला कसलीच घाई नव्हती. घासाघीस करताना बाकीच्या बाया उठून जायचं नाटक करतात. तिचं तंत्र उलटं होतं, ती मुळी उठायचीच नाही. समोरच्यालाच वाटायला लागायचं की हिचं काम झाल्याशिवाय आपलं दुकान आज बंद होत नाही.

शेवटी तिनं तो प्रश्न विचारला, जो मी पुढं आयुष्यभर वापरला, नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा. "तुझ्याकडं आनखी काय आहे, जे तू कोनी इचारल्याबगर सांगत नाई?"

भैयाजीनं शिंगाडा तोंडात टाकला आणि थोडा वेळ चावत राहिला. मग म्हणाला की एक ऑफिसवाला प्लान आहे. एकाच तारेवर तीन ठिकाणी घ्यायची परवानगी त्यात आहे, वेग मध्यम, आणि पैसे वर्षाचे एकदम भरले तर वरचे दोन महिने फुकट. पण तो दुकानं-बँकांसाठी असतो, गावात कोणी विचारत नाही. "वो आपके काम का नहीं, माताजी. एक साथ सब लोग वीडियो चलाएंगे तो अटकेगा."

"अटकन कायले? बारीनं घेऊ," मोठीमाय म्हणाली. "धान इकलं की सालभराचे पैसे एकदम आनून देतो. लिहून घे."

बाहेर पडताना भैयाजी मला म्हणाला, "बेटा, मेरी बेटी की शादी में गहने लेने इन्हीं को ले जाऊंगा." मोठीमायनं मागं वळून उरलेले शिंगाडेही त्याच्या काउंटरवर ठेवले. येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी तिच्याकडं बघत राहिले. चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण अक्षरांशी आपलं काय अडलंय याची फिकीर तिनं कधी केलीच नव्हती, ती सरळ माणसाला विचारायची. मला वाटलं, नागपूरच्या संस्थेत मला जे शिकवतात त्यात हा एक विषय कमी आहे.

आता तीन घरं हवी होती. एक आमचं. दुसरं शेजारच्या शांताकाकूचं, ती लगेच हो म्हणाली, कारण तिच्या दोन्ही नातवांना शाळेचा अभ्यास फोनवर येत होता. गल्लीत तिसरं घर टोकाला होतं, फागूकाकाचं. तिथं गाडं अडलं. बाबा आणि फागूकाका दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. शेताचा धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, कोणी फोडला यावरून वाद झाला होता. खेकड्यांनी फोडला असंही काही लोक म्हणायचे. पण बोलायचं बंद झालं ते झालंच. समोरासमोर आले तर दोघंही आभाळाकडं बघत जायचे, जसं काही पाऊस येतोय. बाबा म्हणाले, "वहिनी, दुसरं घर पाहा."

"गल्लीत दुसरं घर आहे कोठी?" मोठीमाय म्हणाली. "अना पानी वाटाले बसलं का मानसाचं तोंड पाहून वाटते का कोनी? मी जातो. तू नोको येऊ."

ती गेली आणि फागूकाकाचा होकार घेऊन आली. भैयाजीच्या माणसानं तारा ओढल्या. बिल घराघरांत वाटल्यावर आमच्या वाट्याला पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आलं. बाबांनी दोनदा विचारलं की यात काही फसवणूक तर नाही. मग मोठीमायनं तिन्ही घरच्यांना आमच्या अंगणात बसवून बाऱ्या ठरवल्या. आवाजी बोलणं, निरोप, पिकाचे भाव केव्हाही चालतील; पण हलतं चित्र पाहायचं असेल तर आपापल्या बारीतच. नेम तळ्याचाच. डबा आमच्याकडं म्हणजे आम्ही तोंडाजवळचे, आम्ही सगळ्यात शेवटी निवडायचं. फागूकाका टोकाचे, त्यांचा पहिला मान. फागूकाकाची बायको सगुणाकाकू, जी चारचौघांत सहसा बोलत नसे, ती पदर सावरून म्हणाली, "आमाले रविवारची संध्याकार पायजे. बाकी काईच नोको." त्यांचा एकुलता मुलगा फौजेत होता, बर्फाच्या डोंगरात. त्याला आठवड्यातून एकदाच, रविवारी दिवेलागणीला, फोन लावायची सवड मिळायची. शांताकाकूनं नातवांसाठी दुपार घेतली. आमच्यासाठी उरली इतर दिवसांची संध्याकाळ, आणि नेमकी तीच मला हवी होती. हा योगायोग होता की मोठीमायनं दोन्ही घरी आधीच बोलून ठेवलं होतं, हे मी तिला पुष्कळदा विचारलं. दर वेळी ती भाजी निवडायला लागायची.

ते चार महिने माझ्या आठवणीतले फार सुखाचे आहेत. दिवेलागणीला बाबा चक्की बंद करायचे आणि अचानक शांत झालेल्या घरात शेजारच्या गाईचं रवंथ करणंही ऐकू यायचं. मी संगणकावरचं लुगडं झटकून बसायची. मागं चुलीवर तांदळाची भाकरी फुगत असायची, लाखोरीच्या डाळीला लसणाची फोडणी पडायची आणि खोकला आवरत मी शिक्षकांना उत्तरं द्यायची. कधी चित्र थबकलं की मोठीमाय गल्लीत उभी राहून, तळ्यावर शेतात पाणी घ्यायची तोंडं बुजवायला जशी हाळी घालतात तशी हाळी घालायची, "कोन्याचं तोंड उघडं आहे गा?" शांताकाकूच्या घरातून नातवाला धपाटा बसल्याचा आवाज यायचा आणि माझ्या पडद्यावरचे शिक्षक पुन्हा हलायला लागायचे. रविवारी मात्र आमच्याकडं त्या वेळी कोणी डब्याकडं बघायचंही नाही. फागूकाकाच्या घरातून सगुणाकाकूचं हसणं यायचं. एरवी तिचा आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता.

होळीच्या आधी संस्थेतून निरोप आला. परीक्षा रविवारी होती, आणि तीही दिवेलागणीला.

मी दिवस बदलून मागितला. नाही म्हणाले, सगळ्यांची एकाच वेळी असते. मी मोठीमायकडं गेले. ती अंगणात लाखोरीच्या शेंगा सोलत होती. मला खात्री होती की ती उठेल, पदर खोचेल आणि टोकाच्या घराकडं चालू लागेल. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बारी त्यायची आहे. मी नेम केला, मी कशी मोडू?"

"मोडू नोको. माग ना तू जाऊन."

"ज्याले पानी पायजे त्यानं मागा लागते, माय. तळ्यावर दुसऱ्यासाठी कोनी बारी मागत नाई." मग तिनं माझ्या डोक्यावरून चक्कीच्या दाराकडं पाहिलं. तिथं बाबा पट्ट्याला राळ लावत उभे होते आणि सगळं ऐकत होते. "पोरगी लहान आहे अजून," ती जरा मोठ्यानं म्हणाली. "तिच्या बापानं मागावं."

बाबांनी राळ ठेवली. हात पुसले. आणि ते पुन्हा चक्की लावायला लागले. त्या रात्री ते जेवले नीट, पण ताटावरून उठताना पाणी प्यायचं विसरले. मला त्यांची दयाही येत होती आणि रागही येत होता. दोन वर्षं ज्याच्याशी अबोला, त्याच्या दारात जाऊन त्याच्या म्हाताऱ्या बायकोचं आठवड्याचं एकच सुख मागायचं, हे सोपं नव्हतंच. आज मी स्वतः पोरांची आई आहे, आणि मला तेव्हापेक्षा आज ते जास्त अवघड वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पायांत चप्पल न घालता गल्लीतून टोकाकडं निघाले. मी शांताकाकूच्या भिंतीपर्यंत मागं गेले. फागूकाका दारात बाजेची दोरी ताणत बसले होते. त्यांनी वर पाहिलं. या वेळी दोघांपैकी कोणीच आभाळाकडं पाहिलं नाही.

"फागू," बाबा म्हणाले, "मागाले आलो."

"बस ना," फागूकाका म्हणाले. बाज अर्धीच ताणलेली, म्हणून दोघं उंबऱ्यावर बसले.

"पोरीची परीक्षा आहे. रविवारी, दिवे लागाच्या टायमाले. बारी तुमची आहे." बाबा थांबले. "मले मालूम आहे ते कोनासाठी आहे. म्हनून जीभ उचलून नाई राहिली."

फागूकाकांनी दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं. मला वाटलं, आता धुऱ्याचा विषय निघणार. तेवढ्यात आतून, चुलीजवळून, सगुणाकाकूचा आवाज आला. "देऊन द्या जी. तारेले हातच नाई लावत आमी त्या टायमाले, पाळीवर जाऊन फोन लावू. तोंड नाई दिसन, आवाज तं येईन."

"आवाज येईन," फागूकाका म्हणाले. मग बाबांना म्हणाले, "चहा घे."

बाबा चहा पिऊन आले. घरी येऊन चक्की लावल्यावर ते गुणगुणत होते; पट्ट्याच्या आवाजात सूर काही कळत नव्हता. मोठीमाय शेंगा सोलतच होती. तिच्या तोंडावरचं समाधान मात्र तिला लपवता येत नव्हतं.

रविवारी ऊन उतरलं तसा बाबांनी चक्कीचा पट्टाच काढून ठेवला. शांताकाकूनं नातवांचे फोन पदरात बांधले. मोठीमायनं गल्लीत पोतं अंथरलं, त्यावर शेंगांचा ढीग ओतला आणि सगळ्यांना सोलायला बसवलं. टोकाच्या बांधीला पाणी पोचत नसलं की वरचे सगळे आपापली तोंडं बुजवून बांधावर बसून राहतात, पाणी पोचल्याची हाळी येईपर्यंत. तसे सगळे माझ्यासाठी बसले होते. मला आत फक्त शेंगा फुटल्याचे बारीक आवाज येत होते. खिडकीतून दिसलं, फागूकाका आणि सगुणाकाकू तळ्याच्या पाळीकडं चालले होते. ते पुढं, ती मागं, तिच्या अंगावर नेहमीचं रविवारचं चांगलं लुगडं. चेहरा दिसणार नव्हता, तरी ती नेसली होती.

परीक्षेत मला एका तळ्याचा आणि त्याच्या पाटांचा नकाशा काढायला दिला. मी हसले, तेव्हा शिक्षकांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, काही नाही सर. चित्र एकदाही थबकलं नाही. सगळं संपल्यावर शिक्षक म्हणाले, "छान, या आता नागपूरला." मी लुगड्याचा गलेफ न घालताच उठले आणि गल्लीतून, शेंगांच्या ढिगावरून उडी मारून, पाळीकडं धावत सुटले. मागून मोठीमाय ओरडली, "पास झाली का वं?" मी थांबले नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की बारी अजून थोडी उरली आहे आणि ती ज्याची आहे त्याला पोचली पाहिजे.

ती दोघं पाळ उतरत होती. सगुणाकाकूच्या हातात फोन बंद होता.

"काकू, चला लवकर, झाली माझी परीक्षा! लावा आता, दिसन तो!"

"त्याचा टाइम झाला, बाई. गेला तो ड्युटीवर." तिनं फोन कमरेला खोचला आणि माझ्या धापा टाकणाऱ्या पाठीवरून हात फिरवला. "आयकला ना मी त्याले. तो तुलेच इचारून राहिला होता, जोतीचा पेपर कसा गेला मनून. काय सांगू त्याले पुढच्या रविवारी?"

मी तिच्या गळ्यात पडून रडले. ते रडणं आनंदाचं होतं की शरमेचं, हे ठरवत बसायची मला गरज वाटत नाही, दोन्ही होतं. फागूकाका बाजूला उभे राहून म्हणाले, "चाल, अंधार पडते." आम्ही तिघं परत आलो तेव्हा बाबा गल्लीच्या तोंडाशी कंदील घेऊन उभे होते, वीज असतानाही.

त्या पावसाळ्यात बाबा आणि फागूकाकांनी मिळून तो धुरा बांधला. आमची बारी पुष्कळ वर्षं चालली आणि भैयाजी दर दिवाळीला मोठीमायसाठी मिठाईचा डबा पाठवत राहिला. आता मी नागपुरात असते, नकाशेच काढते. मोठीमाय गेली, सगुणाकाकू गेली, आणि गावातही आता घराघरात स्वतंत्र तार आहे. माझ्या घरात इंटरनेट कितीही वापरा, संपत नाही. बिल मात्र मी अजून एकएक ओळ विचारून भरते. रविवारी दिवेलागण झाली की मी उठते, कपाटावरच्या डब्याचं बटण बंद करते आणि थोडा वेळ तिथंच बसते. मुलं कुरकुरतात. नवरा हसत म्हणतो की यानं बिल रुपयानंही कमी होत नाही. मी त्याला सांगते, ही बारी आपली नाही.